कारणाचा रकाना

पाचव्या खाचराची निम्मी कापणी उरली होती, तेव्हा शेणव्याच्या पल्लवी मॅडम चपला हातात घेऊन बांधावरून येताना भिमीला दिसल्या. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते, तरी बांध अजून मऊच होता. मॅडमची सलवार पोटरीपर्यंत चिखलाने माखली होती. स्कूटी वर डांबरी रस्त्यावर लावून दीड मैल चालत आल्या होत्या त्या.

भिमी उठून उभी राहिली. उठताना कमरेतून कळ गेली, ती तिने तोंडावर येऊ दिली नाही. विळा पाठीमागे खोचला आणि ओला हात लुगड्याला पुसला. तिच्यापासून चार हातांवर तिची पोरगी रंजिता कापत होती. तिने मॅडमना पाहिलं, मान खाली घातली आणि विळा आणखी जोरात चालवायला लागली.

"अगं, थांब की जरा," मॅडम म्हणाल्या. "पाच वर्षं शिकवलंय तुला. ओळख तरी दाखव."

रंजिता हसली, पण उभी राहिली नाही.

भिमीचा नवरा गोमा बांधावर डावा पाय लांब करून बसला होता. त्याच्या त्या गुडघ्याची घडी होत नसे. वाकून कापणं त्याच्याकडून होत नव्हतं, म्हणून भारे बांधायला लागणारे पेंढ्याचे बंध वळून तो शेजारी ढीग लावत होता. त्याने मॅडमना बसायला गोणपाट पुढे सारलं.

"गुडघा कसा आहे, गोमादादा? जांभळीवरून पडला होतात ना?"

"हा. फांदी तोडाया चढलो व्हतो," गोमा म्हणाला. "हाय आपला. चालतो बांधापत्तुर."

भिमीने पाण्याचा तांब्या मॅडमच्या हातात दिला आणि दुसरीकडे पाहिलं.

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. सरकारने एक समिती नेमली होती. कॉलेजं कुठे वाढवायची, विद्यापीठाचं केंद्र कुठे काढायचं, याची चौकशी करत ती गावोगाव फिरत होती. गुरुवारी शेणव्याला यायची होती. डोळखांबच्या अंगाला कॉलेज हवं की नको, ते ठरवायला बारावी होऊन घरी बसलेल्या मुलांना विचारणार होती. मॅडमनी अशी नावं गोळा केली होती आणि त्यात रंजिताचं नाव होतं.

"नुसतं विचारून जातात दर वेळी, हे मला पण माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण यंदा मोजणार आहेत. किती पोरं पुढं शिकायला तयार आहेत, त्याचा आकडा. तो दिसला नाही तर पुढची दहा वर्षं कोणी फिरकणार नाही इकडं. घरातलं एक माणूस सोबत या. दहा वाजता."

"बेस्तरवारी तं भारे बांधायचे हायेत," गोमा म्हणाला.

मॅडमनी कागद पिशवीत ठेवला. पाणी पिऊन उठल्या, पुन्हा चपला हातात घेतल्या आणि आल्या वाटेने निघाल्या. उंच बांधावरून उतरताना त्यांचा पाय घसरला, हात टेकून सावरल्या. भिमी त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली.

जांभळीची गोष्ट खोटी होती. पाड्यावर हे त्या तिघांनाच माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांसमोरसुद्धा जांभळीचंच नाव घेत.

दोन वर्षांमागे रंजिता बारावीला अडुसष्ट टक्के घेऊन पास झाली आणि शहापूरला कॉलेजात जायला लागली. सकाळी जाताना एसटीची गाडी मिळे. संध्याकाळची गाडी श्रावणात बंद झाली ती झालीच. मग पोरगी जीपने फाट्यापर्यंत येई आणि तिथून पुढे सगळं रान. गोमा दिवसभर मजुरी करून रोज बॅटरी घेऊन तिला आणायला फाट्यावर जायचा. भाद्रपदात एका शुक्रवारी ओहोळाला पाणी चढलं होतं. येताना पोरीला पुढे काढून दिली आणि तो मागे राहिला. दोन दगडांमध्ये पाय अडकला, वरून पाण्याचा लोंढा आला आणि गुडघा फिरला. रंजिताने त्याला खांद्यावर घेऊन, बसत उठत, घरी आणलं. पडवीत आल्या आल्या तो पहिलं वाक्य बोलला ते हेच, "जांभळीवरून पडलो, असं सांगा."

कारण उघड होतं. पोरीला शिकवायला गेला आणि पाय मोडून बसला, असं पाड्यावर झालं असतं. बोट रंजिताकडे गेलं असतं, आणि बाकीच्या पोरींचे बाप शहाणे झाले असते.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता आणि रंजिता त्याच्याजवळ. तो घरी आला तोवर कापणी तोंडावर आली. एका सकाळी रंजिता दप्तर न घेता, विळा घेऊन भिमीच्या मागून खाचरात उतरली. तिला कोणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. कापणी झाली, झोडणी झाली, मग ती खालच्या गावातल्या भेंडीच्या मळ्यात तोडणीला जायला लागली. भेंडीची कूस बोटांत जाऊन तिची बोटं सुजायची, रात्री ती खोबरेल चोळत बसायची. असं करत दोन वर्षं गेली.

बुधवारी संध्याकाळी शेजारचा महिपत ओट्यावर येऊन बसला. त्याच्या पोराचं, सूरजचं नावही मॅडमच्या यादीत होतं.

"मागं बी आलेले एकदा," तो म्हणाला. "मीच गेलेलो. बिस्कुटाचा पुडा दिला आन अंगठा घेतला. कशावर घेतला ते आजून ठावं नाय."

"मंग उद्या जातास का नाय?" भिमीने विचारलं.

"जातो. सूरज गोदामातून रजा टाकून आलाय. त्याच्यासाठी जातो."

तो गेल्यावर रंजिता चुलीपुढूनच बोलली, "मी नाय जायाची. भात पडलंय खाली. पाऊस आला तं?"

"आभाळ मोकळं हाय," भिमी म्हणाली.

"आये, काय सांगू तिथं जाऊन?"

भिमीने भाकर तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बाई चपला हातात घेऊन चिखलातनं आली गो. न जाऊन कसं व्हईल?"

गोमा अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "जावा. पन गुडघ्याचं काय बोलू नका."

सकाळी निघताना रंजिताने कॉलेजात घालायची तो निळा पंजाबी ड्रेस काढला. दोन वर्षांत तिचे दंड भरले होते. बाही वर चढेना. शेवटी शिवण उसवून घातला आणि वरून ओढणी घेतली. फाट्यापर्यंत मायलेकी चालत गेल्या. जीपमध्ये भिमी मागच्या फळकुटावर अर्धी बाहेर बसली. तिला सारखं खाचरात पसरलेलं भात दिसत होतं, आणि आजोबा नावाच्या डोंगराच्या अंगाला सकाळीच पांढरं काही जमत होतं ते.

शेणव्याच्या हॉलला पताका लावल्या होत्या. पुढे टेबल, पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या. दहा वाजले, अकरा वाजले. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या, म्हणून आईबाप भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. पल्लवी मॅडम यादी घेऊन फिरत होत्या. यादीतल्या निम्म्या मुलांच्या नावापुढे त्यांनी लाल पेनाने गावं लिहिली होती, भिवंडी, पडघा, वाशिंद. ती मुलं कामावर होती, त्यांना रजा नव्हती.

समितीची गाडी पावणेएकला आली. मग हार झाले. मग पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकाने कॉलेजला जागा द्यायचं कबूल केलं, दुसऱ्याने ती जागा वनखात्याची आहे असं सांगितलं, त्यावर वाद झाला आणि तो मिटेपर्यंत दोन वाजले. समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. केस सगळे पांढरे, बारीक चष्मा. टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते. त्यांचे पाय सुजलेले आहेत, हे फरशीवर बसलेल्या भिमीलाच दिसत होतं. त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन एक टक्कल पडलेले साहेब बसले होते. ते वर न बघता टाइप करत होते.

मग मुलांना एकेक करून बोलावलं. सूरजला विचारलं, कॉलेज का केलं नाहीस? तो म्हणाला, "पैसा नाय." साहेबांनी बटण दाबलं. कॉलेज इथे निघालं तर येशील? तो म्हणाला, "गोदामाची पाळी सुटली तं येईन." साहेबांनी विचारलं, "हो लिहू की नाही?" सूरज महिपतकडे बघायला लागला.

रंजिताचं नाव आलं. ती ओढणी सावरत टेबलापुढे उभी राहिली.

"बारावीला अडुसष्ट," साहेब वाचत म्हणाले. "प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आणि सोडलं. कारण? लग्न, आर्थिक, अंतर, आजारपण, आवड नाही, इतर. यातलं एक सांग."

रंजिताने मान वळवून आईकडे पाहिलं. भिमीच्या शेजारी महिपत बसला होता, त्याच्या पलीकडे पाड्यावरची आणखी चार माणसं.

"आवड नव्हती," रंजिता म्हणाली.

प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अडुसष्ट टक्के मिळवून आवड नव्हती? येण्याजाण्याचा त्रास होता का?"

"नाय. जीप असती."

"इथे कॉलेज निघालं तर येशील?"

"नाय."

बटण दोनदा वाजलं. बाई शेजारच्या साहेबांना हळूच म्हणाल्या, "मागणीच दिसत नाही हो. नाही म्हणणारी ही अकरावी." साहेब म्हणाले, "तसंच लिहावं लागेल, मॅडम." हळू बोलले तरी पुढच्या रांगेला ऐकू आलं. पल्लवी मॅडमच्या हातातली यादी खाली आली. त्या खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या.

रंजिता येऊन भिमीच्या दंडाला धरून म्हणाली, "चल. तीनची जीप मिळंल. भारे तरी व्हतील."

दोघी बाहेर आल्या. हॉलच्या पायरीवर भिमी चपला घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. आवड नव्हती. पोरीने किती सहज सांगितलं ते, विचारलेला गावचा पत्ता सांगावा तसं. आणि बाहेर येताना तिचं तोंडही उतरलं नव्हतं. दोन वर्षांत भिमीने तिला कधी विचारलं नव्हतं, कॉलेज का सोडलंस म्हणून. का विचारलं नाही, हे तिला ठाऊक होतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"आये, चल ना."

भिमी पायरीवर बसली. मग उठली, एक चप्पल पायात घातलेली होती ती काढली आणि पुन्हा आत गेली.

टेबलापुढे दुसरी एक मुलगी उभी होती. भिमी तिच्या मागे जाऊन थांबली. मुलीचं झाल्यावर साहेब म्हणाले, "पुढे. नाव?"

"मघाशी निळ्या कापडातली आलेली, तिची मी आई."

"मग झालं ना तिचं?"

"ते खोडा."

"काय खोडा?"

"तिनं सांगलं ते. आवड नाय म्हनून. ते खरं नाय."

साहेबांनी प्रथमच वर पाहिलं. "बाई, ते खोडता येत नाही. भरलं की पुढे जातं, मागे येत नाही. आणि तिने स्वतःच सांगितलंय."

"तिनं सांगलं, पन खरं नाय ते."

"तुमचं नाव यादीत नाही. मुलीला पाठवा."

"ती नाय यायाची." भिमीला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं, म्हणून तिने टेबलाची कड धरली. पांढऱ्या चादरीवर तिची बोटं काळी दिसत होती, भाताच्या पात्यांनी कापलेली. तिने ती काढून घेतली.

प्रमुख बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना."

"बोलायचं म्हंजे..." भिमी थांबली. मागे महिपत आहे, चार माणसं आहेत, हे तिला पाठीवर जाणवत होतं. "तिचा बा रोज फाट्यावर जायाचा तिला आनाया. गाडी बंद झाली तवापासून. पावसात. आमच्याकडं जांभळीवरून पडला असं सांगतात, ते तसं नाय. तिला आनतानाच वव्हळात पडला. गुडघा गेला त्याचा."

हॉलमध्ये मागे कोणीतरी खाकरलं.

"म्हणजे अंतर," साहेब म्हणाले. "अंतर किंवा इतर."

"आयका ना." भिमीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्याचा पाय मोडला तरी कालेज चालूच व्हतं. ती गेली असती. तिची मावशी वाशिंदला ऱ्हाते, ती बोल्ली व्हती, ठेव माझ्याकडं. पन कापनी आली. घरात मानूस नव्हता. पोरगी इळा घेऊन मागून आली खाचरात. मी बगलं तिला. बोलायचं व्हतं, तू जा गो, आमी करतो कायतरी. नाय बोल्ले." ती जरा थांबली. "मला बरं वाटलं तवा. हाताखाली मानूस आलं म्हनून बरं वाटलं. मंग रोजच येत गेली. मी कवा इचारलंच नाय."

तिला आणखी काही सांगायचं होतं असं वाटत होतं, पण ते एवढंच होतं. साहेबांची बोटं लॅपटॉपवर तशीच थांबली होती.

प्रमुख बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या इतक्या दमलेल्या दिसत होत्या, की भिमीला क्षणभर वाटलं, उगाच त्रास दिला यांना. "यात रकाना नाही हो याला," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून कोरा कागद काढून त्यांनी हाताने लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "पालकाचा अपघात आणि शेतीकामात घरातल्या मनुष्यबळाचा अभाव, यामुळे विद्यार्थिनीचं शिक्षण खंडित झालं, असं तिच्या मातेचं म्हणणं आहे."

भिमीने नीट ऐकलं. "आवडीचं कुठं हाय ह्यात?"

"कसलं?"

"तिला आवड व्हती, ते."

बाई थोडं हसल्या. "खरंय. लिहिते. विद्यार्थिनीस शिक्षणाची आवड..." पेन थांबलं. "होती लिहू की आहे लिहू?"

भिमी दाराकडे वळली. रंजिता मघापासून दारात उभी राहून ऐकत होती. आता दारात कोणी नव्हतं.

"व्हती लिवा," भिमी म्हणाली. "आता हाय का नाय, ते तिचं तिला म्हाईत."

बाईंनी तसं लिहिलं. भिमीने खाली सही केली. एकेक अक्षर लावत केली, शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते वर चढवलं. बाईंनी कागद फायलीत घातला. फायलीत तसे कागद फारसे नव्हते.

बाहेर पल्लवी मॅडम आल्या आणि त्यांनी भिमीचा हात धरला. "याचं पुढं काय होईल, मला सांगता येणार नाही, ताई," त्या म्हणाल्या. भिमी म्हणाली, "नाय, मी त्यासाठी नाय बोल्ले." आणि मग तिला जीपची आठवण झाली.

रंजिता रस्त्यापलीकडे वडाखाली उभी होती. तीनची जीप गेली होती. दोघी चालत निघाल्या, मागून काही मिळालं तर बघू म्हणून. कोसभर रंजिता दहा पावलं पुढे चालत राहिली. ढग आता डोंगर उतरून खाली आले होते.

"का बोल्लीस?" तिने अखेर मागे न बघता विचारलं. "बाबा नको बोल्ला व्हता ना? आता पाड्यावर समद्यांना झालं. महिपतकाका काय गप बसतोय?"

"नको बसू दे."

"मी नीट सांगून आलेले. संपलं व्हतं."

"खोटं सांगून आलेलीस."

रंजिता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता, चार खाचरं कापून झाल्यावर असतो तसा. "सुरवातीला खोटं व्हतं, आये," ती म्हणाली. "मळ्यातल्या पोरी इचारायच्या, का सोडलंस. मी बोलायचे, आवड नव्हती. फटकन आटपायचं. दोन वर्सं तेच बोलतेय. आता मला बी तसंच वाटाया लागलंय. आज तिथं बोल्ले ना, तवा खोटं बोलतेय असं वाटलंच नाय."

मागून टेम्पो आला. भिमीने हात केला. विटांच्या टेम्पोत मागे उभं राहून दोघी फाट्यापर्यंत आल्या.

खाचरात पोचल्या तेव्हा साडेपाच झाले होते. महिपत मोटरसायकलवरून त्यांच्या आधी पोचला होता, आणि महिपत आणि सूरज दोघेही शेतात वाकून भात गोळा करत होते. गोमा मोडका पाय एका अंगाला टाकून, बसल्या जागी सरकत सरकत भारे आवळत होता. त्याची कोपरं सोलली होती. भिमीने पदर खोचला आणि त्याच्या समोर बसून बंध हातात घेतला.

"सांगलंस?" तो म्हणाला.

"सांगलं."

"समदं?"

"समदं."

त्याने गुडघ्याने भारा दाबला, चांगल्या गुडघ्याने, आणि गाठ मारली. "महिपत बोल्ला मला, येवढी दोन वर्सं भारे बांधाया हाक का नाय मारलीस म्हनून," तो म्हणाला. "मी काय बोलनार." एवढं म्हणून तो पुढच्या भाऱ्याकडे सरकला.

पाऊस साडेसहाला आला. आडवातिडवा आला आणि अर्धा तास कोसळला. तोवर तीन खाचरांचं भात खळ्यावर उडवीत रचलं होतं, वर ताडपत्री टाकून झाली होती. दोन खाचरांचं जमिनीवर होतं ते भिजलं.

सकाळी ऊन पडल्या पडल्या भिमी आणि रंजिता ते भिजलेलं भात पालटायला उतरल्या. पेंढी उचलायची, झटकायची आणि कोरड्या अंगाने बांधावर पसरायची. दोन दिवस असं राहिलं असतं तर दाण्याला मोड आले असते. पायाखाली चिखल थंडगार होता. ओल्या लोंब्यांतून दाणे सुटून चिखलात पडत होते, ते रंजिता वाकून वाकून वेचत होती आणि ओच्यात टाकत होती.

निम्मं खाचर पालटून झालं. मग भिमीने विचारलं, "तिथं काय शिकवीत व्हते गो?"

"कुठं?"

"कालेजात."

रंजिताने तिच्याकडे पाहिलं. थट्टा करते आहे का, ते बघितलं. "किती इषय व्हते. काय सांगू."

"एखादं सांग."

रंजिताने दोन पेंढ्या पालटल्या. तिसरी हातात घेऊन ती उभी राहिली. "इतिहासाचे एक सर व्हते. त्यांनी सांगलेलं, आधी मान्सं शेती करत नव्हती. रानातलंच खायाची. भात बी रानात आपोआप यायाचं. पन ते पिकलं का लगेच गळायचं, हाती लागायचं नाय."

"देवभात तसंच असतं," भिमी म्हणाली. "तळ्याच्या कडंला येतं ते. हात लावायच्या आत गळतं."

"तेच. मंग एखाद्या लोंबीचं गळायचं नाय. बायका तेवढ्याच लोंब्या घरी आनायच्या, तेच दाने पुढच्या साली पेरायच्या. सर बोल्ले, हे बायांनीच केलंय. हजारो वर्सं लागली त्याला. असं करून करून हे आपलं भात झालं."

भिमी हातातल्या पेंढीकडे बघत राहिली. तिने एक लोंबी बोटांत धरून ओढून पाहिली. "खरं असंल," ती म्हणाली. "बायाच निवडतात बेनं. मंग पुढं काय? मंग काय केलं त्यांनी?"

"पुढचं नाय म्हाईत."

"का?"

"तो तास त्या शुक्करवारी झाला," रंजिता म्हणाली. "पुढचं सोमवारी सांगतो बोल्ले व्हते."

तिने पेंढी झटकली, बांधावर पसरली आणि पुढची उचलायला वाकली.